तरंगवती : सदोष प्रत, सरस कथा

रोजमेळात एका पैशाचा फरक राहिला, तरी दिवा मालवू नये, अशी जुन्या पेढ्यांची शिस्त होती. त्या शिस्तीत चाळीस वर्षे काढलेल्या एका मुनीमजींनी चातुर्मासात स्वाध्यायासाठी ‘तरंगवती’ची प्रत हाती घेतली, तेव्हा सवयीने शिसपेन्सिलही जवळ ठेवली.

‘तरंगवती’ ही आचार्य पादलिप्तसूरींची प्राकृत प्रेमकथा. परंपरेने त्यांचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजसभेशी जोडला जातो. मूळ ग्रंथ कालौघात नष्ट झाला. तो अतिविस्तृत, देशी शब्दांनी भरलेला आणि सामान्यांस दुर्बोध होता. म्हणून पुढे एका संक्षेपकाराने, आचार्यांची क्षमा मागून, सुमारे १६०० गाथांत त्याचा सारांश केला. तेवढाच आज उरला आहे. त्याच्याही नकला करताना लेखनिकांनी कुठे अक्षर गाळले, कुठे शब्द बदलला, कुठे गाथाच मोडली. १९७९ मध्ये अहमदाबादहून डॉ. हरिवल्लभ भायाणी यांनी हा संक्षेप गुजराती अनुवादासह प्रसिद्ध केला. घरात गुजराती वाचण्याचा परिपाठ असल्याने मुनीमजींना तो सुलभ होता.

आरंभी पेन्सिल थांबेना. इथे चरण अपुरा, तिथे दुवा तुटलेला. खतावणीत नाव आहे आणि किर्दीत नोंद नाही, असा हा प्रकार. ज्ञानाची भक्ती करणाऱ्या समाजात शास्त्राची नक्कल इतक्या बेपर्वाईने व्हावी, याचा त्यांना मनस्वी राग आला. समासात प्रश्नचिन्हांची रांग लागली.

पण कथा पुढे सरकू लागली. राजगृहात गोचरीसाठी आलेल्या तेजस्वी साध्वीला एक गृहिणी तिचा पूर्ववृत्तांत विचारते आणि साध्वी तो सांगू लागते. कौशांबीच्या नगरश्रेष्ठींची ही कन्या, तरंगवती. उद्यानात चक्रवाकांची जोडी पाहून तिला मूर्च्छा येते आणि पूर्वभव आठवतो. गंगेवर तीही चक्रवाकी होती. हत्तीवर सोडलेला व्याधाचा बाण तिच्या सहचराला लागला. पश्चात्तापाने व्याधाने त्या पक्ष्याला अग्नी दिला आणि तिने त्याच चितेत उडी घेतली. आता या भवात तो कुठे असेल? ती हा सारा वृत्तांत चित्रपटावर रंगवते आणि कौमुदी महोत्सवाच्या रात्री तो लोकांसमोर मांडते. चित्र पाहून सार्थवाह धनदेवाचा पुत्र पद्मदेव मूर्च्छित पडतो.

इथे मुनीमजींच्या हातातील पेन्सिल केव्हा खाली ठेवली गेली, हे त्यांनाही कळले नाही.

पुढे धनदेव आपल्या मुलासाठी मागणी घालतो. श्रेष्ठी नकार देतो. स्थळ धनाढ्य आहे, पण सार्थवाहाचा पुत्र सदा व्यापाराच्या प्रवासात असणार. मुलीच्या वाट्याला आयुष्यभराचा विरह येणार. हे वाचताना मुनीमजी थबकले. बरोबर हेच कारण त्यांनी वीस वर्षांपूर्वी आपल्या घरी दिले होते. मुलगा खरेदीसाठी वर्षातील आठ महिने परप्रांती फिरणारा होता. मुलीचे मन त्यांनी विचारले नव्हते. हिशेब अचूक होता. फक्त एक नोंद घेतली गेली नव्हती.

कथेतील दोघे नावेतून पळून जातात, चोरांच्या हाती सापडतात. देवीपुढे बळी जाण्याच्या बेतात असताना त्यांची कहाणी ऐकून एक चोर त्यांना सोडवतो. घरी परतल्यावर त्यांचा विवाह होतो. पुढे त्यांना एक मुनी भेटतात. ते पूर्वभवीचे व्याध आणि या भवीचा तोच चोर असतात. त्यांच्या बोधाने दोघेही दीक्षा घेतात. अशाच सदोष पाठावरून जर्मन पंडित अर्न्स्ट लॉयमान यांनी १९२१ मध्ये या कथेचा अनुवाद केला, तो उगाच नव्हे. मोडक्या गाथांतूनही चक्रवाकीचा आक्रोश त्यांच्यापर्यंत पोहोचलाच असला पाहिजे.

मुनीमजींनी ग्रंथ संपवून पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. या वेळी प्रश्नचिन्हे तशीच राहिली, पण राग उरला नाही. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक अनेकदा विनवतात, की जसे पाहिले तसे लिहिले. शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये. पाठ आणि कंबर मोडून लिहिणाऱ्या त्या अनामिक हातांनी चुका केल्या हे खरे. पण त्यांनी लिहिलेच नसते, तर चूक काढायलाही काही उरले नसते. शुद्ध लिहिण्याचे कर्तव्य त्यामुळे सुटत नाही. मात्र चुकीसाठी सारी वहीच फेकून देणारा वाचकही तोट्यातच राहतो.

संवत्सरीच्या संध्याकाळी, प्रतिक्रमणानंतर, त्यांनी नेहमीप्रमाणे सासरी असलेल्या मुलीला फोन केला. ‘मिच्छामि दुक्कडम्’ दरवर्षी म्हटले जाई. या वर्षी, प्रथमच, कशाबद्दल तेही त्यांनी सांगितले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलगी म्हणाली, “बाबूजी, ते पुस्तक मला वाचायला पाठवाल?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत कागदात बांधली. समासातील पेन्सिलीच्या खुणा पुसल्या नाहीत.