पाचातल्या चार

ताईने भाच्याची पोळी बंद केली तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे. तो मोजून पाच गोष्टी खायचा: पोळी, दूध, दहीभात, केळं आणि एका ठरावीक पुड्यातली बिस्किटं. त्यातल्या चार एका रात्रीत गेल्या.

कारण गव्हातलं ग्लूटेन आणि दुधातलं केसिन. ही प्रथिनं अर्धवट पचतात, त्यांचे अफूसारखं काम करणारे तुकडे रक्तात उतरतात आणि मेंदूपर्यंत पोचतात, अशी ती थिअरी. ऐकायला पटते. मलाही पटली होती.

दोन महिन्यांनी तो "पाणी" म्हणाला. ताई फोनवर रडली. पण स्पीच थेरपीही त्याच महिन्यात सुरू झाली होती. आमच्याकडे एकाच रिलीजमध्ये दोन बदल गेले, की नंतर फरक नेमका कशाने पडला हे कुणालाच सांगता येत नाही.

एव्हाना त्याचं वजन उतरायला लागलं होतं. "तू वाच आणि सांग," ताई म्हणाली.

वाचलं. अमेरिकेत रॉचेस्टरला सुझन हायमन यांच्या गटाने तीन ते पाच वर्षांच्या १४ मुलांना हे डाएट काटेकोर दिलं. मग खाऊतून कधी ग्लूटेन, कधी केसिन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. कधी काय, हे आईवडिलांना ठाऊक नव्हतं. वागणं, झोप, पोट, कशातच फरक दिसला नाही. १४ म्हणजे फार थोडी मुलं, मान्य. पण फ्लोरिडात २००६ साली १५ मुलांवर असाच प्रयोग झाला होता. तिथेही आकड्यांत फरक नव्हता, तरी काही पालकांना मूल सुधारल्यासारखं वाटलं होतं. तिथे मी लॅपटॉप मिटला. ते पालक खोटं बोलत नव्हते. ताईही नव्हती.

तिला सांगायला मला चार दिवस लागले. रोज रात्री ज्वारी-नाचणीचं काहीतरी नवं करणाऱ्या बाईला कसं सांगायचं?

ती रागावली नाही. "मग 'पाणी' कशाने आलं?"

"तो शिकला, ताई."

ती बराच वेळ गप्प होती.

डॉक्टरांशी बोलून पुढच्या रविवारी आईने तूप-साखर लावून पोळी दिली. त्याने आधी वास घेतला, कडा काढून ताटाबाहेर ठेवल्या आणि उरलेली खाल्ली. कडा तो पूर्वीही खायचा नाही.