लुगड्यावरचा सदरा

स्त्रियांच्या पोषाखाची चर्चा बहुधा शहरांत सुरू होते व शहरांतच संपते. बाही कोपरापर्यंत असावी कीं मनगटापर्यंत, सदऱ्यावर जाकीट शोभेल कीं शाल, असे प्रश्न त्या चर्चेंत मोठ्या अगत्यानें सोडविले जातात. परंतु स्त्रीनें अंगांत सदरा घालावा कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडील असंख्य कष्टकरी बायकांनीं कोणालाही न विचारतां केव्हांच निकालांत काढला आहे. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनीं हिवाळ्यांत शिरूर किंवा दौंड तालुक्यांतील एखाद्या उसाच्या फडावर जावें. लुगडें व ब्लाउज यांवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि हातांत कोयता, अशा वेषांतील बायका तेथें काम करतांना दिसतील.

शिरूर, म्हणजे जुन्या माणसांची घोडनदी, आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. पावसानें हात आंखडता घेतला तरी धरणांनीं येथील शेतीचें रूप पालटलें. शिरूर तालुक्यांत चिंचणी येथें घोड नदीवर धरण झालें; दौंडकडे खडकवासल्याचें पाणी मुठेच्या कालव्यानें येतें. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळें व कारखाने आले, आणि त्यांच्यामागून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊस तोडणारीं कुटुंबें येऊं लागलीं. त्यांतील पुष्कळशीं बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून येतात. नवराबायकोच्या जोडीला या धंद्यांत एक ‘कोयता’ म्हणतात. उचल मिळते ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा. या शब्दांत बायको जशी नवऱ्याआड झांकून जाते, तशीच ती त्याच्या सदऱ्यांतही झांकलेली असते. सदरा निदान तिच्या उपयोगीं तरी पडतो!

तो उपयोग कळण्यासाठीं ऊस जवळून पाहिला पाहिजे. उसाच्या पानाची कड करवतीसारखी बारीक दांत्यांची असते, आणि तिच्यांत सिलिका, म्हणजे वाळूंतलेंच कठीण द्रव्य, असतें. उघड्या हातावरून तें पान ओढलें गेलें कीं ओरखडा उमटतो व घामाचा खार त्यांत झोंबूं लागतो. पानाच्या तळाची कूस अंगांत रुतली म्हणजे खाजेनें जीव हैराण होतो. पहांटे थंडीनें हात गारठतात, तर दुपारीं उन्हानें भाजतात. ब्लाउजची बाही कोपराच्या वरच थांबते. तेथून खालची उणीव सदरा भरून काढतो. तो सैल असल्यामुळें आंत वारा खेळतो, आणि पुढून उघडणारा असल्यामुळें बांधावर उभ्या उभ्या घालतां काढतां येतो. वांकून काम करतांना पदर अंगाशीं धरून ठेवण्याचें कामही तोच करतो. कांदा लावणाऱ्या व खुरपणीस जाणाऱ्या गांवच्या बायकांनींही तो याच कारणांनीं उचलला आहे.

हा सदरा पुष्कळदां टेरिकॉटचा असतो. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर व कापूस यांचें मिश्रण. त्याचें एक रूढ प्रमाण ६७ भागांस ३३ असें आहे. यांतील पॉलिएस्टरचा धागा १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनीं शोधून काढला. कोरडा दिसणारा कापूसही हवेंतील शेंकडा सात-आठ भाग ओलावा धरून असतो. पॉलिएस्टर अर्धा भागही धरीत नाहीं. म्हणून हें कापड लवकर वाळतें व चुरगळत नाहीं. तें घाम टिपीत नाहीं हा त्याचा दोष. विस्तवाशीं गेल्यास वितळून कातडीला चिकटतें, हा त्याहून मोठा दोष. शहरांत त्याची स्तुति होते ती इस्त्री लागत नाहीं म्हणून. उसतोड्याच्या खोपींत इस्त्रीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेथें त्याचा गुण निराळा आहे. दिवसभर राबून, स्वयंपाक उरकून, रात्रीं जिला धुणें धुवावयाचें असतें आणि जिच्यापाशीं दुसरा सदरा नसतो, तिचा तो एकुलता एक सदरा पहांटेपर्यंत दोरीवर वाळलेला असतो.

आणखी एक गोष्ट त्यांत आहे, ती म्हणजे खिसा. आपल्या शिंप्यांनीं पोलक्याला व ब्लाउजला नाना तऱ्हांचे गळे शोधून काढले, पण खिसा कांहीं सुचला नाहीं. पैसे पदराच्या गांठींत बांधावे किंवा चोळींत खोंचावे, हीच वहिवाट. सदऱ्याच्या खिशांत तिचा मोबाईल राहतो, चार नोटा राहतात, आणि लेकराच्या औषधाची पुडीही राहते.

दौंडच्या बाजूस एका फडावर आम्हीं एका बाईस विचारलें, “सदरा तुमच्या मापाचा कां शिवून घेत नाहीं?” ती हंसून म्हणाली, “ताई, बायकांचा शर्ट कोणता शिंपी शिवतो? अन् मालकाचा जुना हायेच की.” काम संपल्यावर तिनें तो काढला आणि भाकरीच्या फडक्यांत गुंडाळला. आम्हीं कारण विचारलें. “गावात शर्ट घालून कसं जायचं? लोक नावं ठेवतेत,” असें ती म्हणाली.

या दोन वाक्यांत सारें दुखणें आलें. खांदे ओघळलेले व बाह्या बोटांवर येणाऱ्या. त्या दुमडून घ्याव्या लागतात, आणि दुमड सुटली तर कोयत्याच्या पात्याशीं गांठ! जें वस्त्र तिचें रक्षण करतें, तें तिच्या मापाचें नाहीं व तिच्या मालकीचेंही नाहीं. आपल्या घरांतून गांठीची चोळी जाऊन गुंड्यांचें पोलकें आलें, नऊवारी जाऊन पांचवारी आलें, तेव्हां वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आंठ्या पडल्याच होत्या. परंतु त्या आंठ्यांना उत्तर देण्यास सुशिक्षितांपाशीं मासिकें होतीं, व्याख्यानें होतीं. फडावरच्या बाईपाशीं हातावरच्या ओरखड्यांवांचून दुसरा पुरावा नाहीं.

याच दौंड तालुक्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत होरपळलेल्या निराधार स्त्रियांना आश्रय दिला, आणि नुसतें अन्न देऊन न थांबतां विणकाम, शिवणकाम, छपाई अशीं कामें त्यांच्या हातीं दिलीं. स्त्रीच्या गरजेचें वस्त्र स्त्रीच्या हातून तयार व्हावें, ही कल्पना या मातीस परकी नाहीं. आज खेडोपाडीं बायका शिवणयंत्रावर ब्लाउज शिवतात. खांद्याला बसणारा, मनगटाशीं गुंडीनें बंद होणारा, कापूस अधिक असलेला व दोन खिशांचा सदरा त्यांस अवघड जाऊं नये.

वाचक भगिनींस आमचें एवढेंच सांगणें आहे. आपल्या दारीं भांडीं घेऊन येणारी बोहारीण जुने कपडे नेते, ते हिंडत फिरत जुन्या बाजारांत पोंचतात आणि तेथून कोणाच्या तरी अंगावर जातात. दक्ष गृहिणी सदरा देण्यापूर्वीं त्याच्या गुंड्या कापून डबींत ठेवतात. ती काटकसर खरी. पण त्या गुंड्यांच्या जागीं पुढें कोणाला तरी पिना टोंचाव्या लागतात. गुंड्या राहूं द्याव्या. आणि ज्यांच्या महिलामंडळांत शिवणवर्ग चालतो, त्यांनीं फडावरच्या एका बाईचें माप घेऊन एक सदरा शिवून पाहावा. मग तो मालकाचा जुना सदरा राहणार नाहीं, तिचा होईल. आणि गांवांत जातांना तो काढून ठेवावा असें तिला वाटणार नाहीं.