अंतर भागिले वेग

शाळेत आपण सगळ्यांनीच आगगाड्यांची गणितं सोडवली आहेत. अंतराला वेगानं भागा, वेळ हजर! विमानाचंही तसंच असेल असं कुणालाही वाटेल. त्यानं स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्क्नी बेटांवर जावं. तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवर दोन चिमुकले विमानतळ आहेत. मधे समुद्र, अंतर अवघं २.७ किलोमीटर. आपल्या मुंबईची मोठी धावपट्टीसुद्धा याहून लांब! तरी १९६७ पासून तिथे रीतसर वेळापत्रकानुसार विमान उडतं.

विमान आठ-दहा माणसांचं, वेग ताशी साधारण २४० किलोमीटर. करा भागाकार. उत्तर ४० सेकंद. वेळापत्रक म्हणतं, २ मिनिटं. आणि विक्रम आहे ५३ सेकंदांचा! म्हणजे गणिताच्या मास्तरांच्या हिशेबी विक्रमवीर वैमानिकसुद्धा १३ सेकंद लेट!

मास्तरांची गाडी जन्मतःच वेगात असते हो. खऱ्या विमानाला आधी धावावं लागतं, चढावं लागतं आणि जरा वर गेलं न गेलं तोच उतरावं लागतं. लांबच्या प्रवासात हा किरकोळ खर्च खपून जातो. इथे सगळा प्रवासच किरकोळ खर्चाचा.

हसू येतं खरं. पण या विमानातून शाळेचे शिक्षक येतात, डॉक्टर येतात, रोगी जातात. खाली समुद्र खवळलेला असताना पोटात कळ येत असलेल्या माणसाला विचारा, २ मिनिटं म्हणजे किती. तो भागाकार करत बसणार नाही.