बोगमाळोची राणी

पुण्याहून लोंढ्यामार्गे आगगाडीने वास्कोस उतरून आम्ही उभयता आणि सात व चार वर्षांची आमची दोन अपत्ये दाबोळीच्या पठारावरून बोगमाळोच्या उतारास लागलो, तेव्हा समुद्राच्या दर्शनाआधीच झाडांमागून एका विमानाची त्रिदल शेपटी दृष्टीस पडली आणि मुलांचा समुद्राचा हट्ट तिथेच विरला. भारतीय नौदलाने १९९८ साली येथे विमानसंग्रहालय उघडले. त्याच्या अंगणातील सर्वांत भव्य यान म्हणजे ते त्रिदल शेपटीचे सुपर कॉन्स्टेलेशन.

मत्स्यासारखा बाकदार देह, उंच सडपातळ पाय आणि प्रत्येकी अठरा सिलिंडरांची चार इंजिने असे हे विमान एअर इंडियाच्या ताफ्यात ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजेच वेरूळची राणी, या नावाने दाखल झाले होते. पुढे ते हवाई दलाकडे व १९७६ साली नौदलाकडे वर्ग झाले, आणि एके काळी उतारूंची सरबराई करणारी ही राणी समुद्रावर टेहळणीचे काम करू लागली. वेरूळचे नाव कानी पडताच चिरंजीवांनी विचारले, “बाबा, म्हणजे कैलास लेण्यातली राणी?” गतवर्षीच आम्ही ते लेणे पाहिले होते. पर्वतातून कोरलेल्या मंदिराच्या गावाचे नाव आकाशात संचार करणाऱ्या यानास देण्यात त्या काळाची जी रसिकता होती, तिचे मला मनापासून कौतुक वाटते.

परंतु या राणीसमोर उभे असता माझ्या मनात तिच्याच कुळातील दुसरे एक विमान घोळत होते; त्याची गोष्ट मी मुलांनाही सांगितली. दाबोळीचा हा विमानतळ पोर्तुगीज अंमलात, १९५०च्या दशकात बांधला गेला. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा आमच्याच पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बाँबवर्षाव केला. मात्र विमानतळाच्या इमारतीस धक्का लावू नये, असा त्यांना हुकूम होता. त्या दिवशी तळावर एक कॉन्स्टेलेशन व एक डग्लस अशी दोन उतारू विमाने बचावून उभी होती. धावपट्टीची घाईघाईने डागडुजी करून रात्रीच्या अंधारात ती दोन्ही उडाली आणि काही पोर्तुगीज अंमलदारांच्या बायकामुलांना घेऊन कराचीस सुखरूप पोहोचली. गोव्याची मुक्तता ही न्याय्य आणि फार विलंबाने घडलेली गोष्ट होती, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही; तरीही ती मुले वाचली, याचे समाधान मला तितकेच वाटते.

लढाई संपून गोवा मुक्त झाल्यावर नौदलाचा ‘हंसा’ हा तळ १९६४ साली कोइमतूरनजीकच्या सुलूरहून दाबोळीस आला. सीलँड हे नौदलाच्या अगदी प्रारंभीच्या काळातील, पाण्यावरही उतरणारे विमान, तसेच सी हॉक व आलिझे हीही संग्रहालयात आहेत. जहाजावरील जागेच्या टंचाईपायी आलिझेचे पंख दुमडता येतात, हे ऐकून धाकटीने “ते चिमणीसारखं झोपतं का?” असे विचारले, आणि याहून यथार्थ वर्णन मला तरी सुचले नाही. आतील दालनांत ‘विक्रांत’ची कथा आहे. १९६१ सालच्या मार्चमध्ये बेलफास्ट येथे ही विमानवाहू नौका आपल्या नौदलात दाखल झाली, आणि १९७१च्या युद्धात बॉयलर सदोष असतानाही बंगालच्या उपसागरात शिरून तिने सी हॉक व आलिझे याच दोन जातींची विमाने चितगाव व कॉक्स बाजारवर पाठवली. नौकेच्या आखूड डेकवर वेगाने उतरणारे विमान शेपटीखालच्या आकड्याने आडव्या पोलादी तारेत अडकवून थांबवायचे, ही युक्ती मी सौभाग्यवतीच्या ओढणीने दाखवली. ती मुलांना तत्काळ उमगली.

परतताना दाबोळीवरून उडालेले एक विमान समुद्राकडे गेले. चिरंजीव ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले व म्हणाले, “त्या रात्रीच्या मुलांना खाली समुद्र दिसला असेल?”

“अंधार होता रे,” त्याची आई म्हणाली. “काही दिसलं नसेल.”

तो काही बोलला नाही. फाटकातून पुन्हा आत जाऊन राणीच्या खिडक्या पहिल्यापासून मोजू लागला.