पहिल्या वर्षी गाडी नव्हती

लिंकनमध्ये पत्ता शोधणं सोपं आहे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना बहुतेक ए, बी, सी अशी अक्षरं आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे. ‘27 आणि ओ’ एवढं सांगितलं की कोपरा सापडतो. चुकलंच कोणी, तर राज्य विधानभवनाचा 400 फुटी मनोरा आहेच. 1932 साली तो बांधून झाला. सोनेरी घुमटावर पाभरीविना, हातानं बी फेकणारा शेतकरी उभा आहे. मुलूख इतका सपाट की गावाबाहेरच्या मक्याच्या शेतांतूनही तो दिसतो.

नेब्रास्काच्या या राजधानीची वस्ती 2020च्या जनगणनेत 2,91,082 होती, म्हणजे साधारण जालन्याएवढी. पसारा मात्र सुमारे 250 चौरस किलोमीटरचा. हा दुसरा आकडा काय असतो, ते नवऱ्याच्या शिष्यवृत्तीवर संसार मांडलेल्या आमच्या घराला पहिल्या ऑगस्टमध्येच समजलं. गाडी घेण्याइतके पैसे नव्हते आणि दूध घ्यायचं दुकान अडीच किलोमीटरवर होतं.

शहराची बस होती, पण रविवारी नाही. एरवीही एक चुकली की पुढच्या बसची वाट बघत बराच वेळ उभं राहावं लागे. जवळपास चार लिटरचा दुधाचा कॅन एका हातात आणि दुसऱ्या हातात मुलीचं बोट, असं चालताना मधेच फुटपाथ संपायचा आणि गवतातून जावं लागायचं. अनोळखी गाड्या थांबून विचारायच्या, ‘काही अडचण आहे का? सोडू का?’ माणसांच्या चांगुलपणात कमी नव्हती. पायी दुकानात जाणारं कोणी असेल, हे मात्र त्या रस्त्याच्या आखणीत कुणी धरलंच नव्हतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. गाडी नसणारी माणसं प्रत्येक गावात असतात. म्हातारी, शाळकरी, नुकतीच परदेशातून आलेली.

अशी नुकतीच आलेली कुटुंबं उत्तरेकडच्या 27व्या रस्त्यावर भेटायची. लिंकनमध्ये व्हिएतनामी लोक अनेक वर्षांपासून आहेत. इराकमधून जीव वाचवून आलेल्या यझिदींची अमेरिकेतली एक मोठी वस्तीही इथेच आहे. व्हिएतनामी दुकानात कोथिंबीर, तिखट मिरच्या आणि हातभर लांब चवळीच्या शेंगा मिळायच्या. त्या शेंगांची दाण्याचं कूट घालून भाजी केली, त्या दिवशी घर लागलं.

मग बर्फ आला. बर्फ थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी 9 वाजायच्या आत आपल्या दारासमोरचा फुटपाथ ज्यानं त्यानं साफ करायचा, असा इथला नियम. आमच्याकडे फावडंही नव्हतं. उजाडताच बाहेर पाहिलं, तर सत्तरी ओलांडलेल्या शेजारच्या बाई स्वतःचा फुटपाथ संपवून आमच्या दारापर्यंत आल्या होत्या. मी धावत गेले. त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं आणि कमरेतून न वाकता गुडघ्यात वाकून बर्फ कसा उचलायचा ते दाखवलं.

पायी माणसाचा एक खरा रस्ता मात्र या शहरात आहे. मिसुरी पॅसिफिक रेल्वेचा जुना मार्ग उखडून त्यावर चालण्या-सायकलींसाठी वाट केली आहे. तिला मोपॅक ट्रेल म्हणतात. उतार सौम्य, दोन्ही बाजूंना झाडं. शनिवारी आम्ही त्या वाटेनं जायचो. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड फुकट मिळालं होतं. मुलीनं पिशवीभर पुस्तकं आणावीत आणि वाटेतल्या बाकावर बसून निम्मी वाचून टाकावीत.

विजेचं बिल पहिल्यांदा हातात आलं, तेव्हा कळलं की वीज कंपनी शहराच्याच मालकीची आहे. सगळी वीज सार्वजनिक मालकीच्या संस्थांकडून पुरवणारं नेब्रास्का हे अमेरिकेतलं एकमेव राज्य. पाण्याची गोष्ट त्याहून रंगतदार. हे गाव वसलंच मिठासाठी, सॉल्ट क्रीकच्या खाऱ्या दलदलीपाशी. 1867मध्ये ते राजधानी झालं, वाढलं, आणि जमिनीखालचं पाणी खारट म्हणून तहानलं. आज नळाला येणारं गोडं पाणी प्लॅट नदीकाठी, अ‍ॅशलंडजवळ खणलेल्या विहिरींचं असतं. चक्रीवादळाच्या भोंग्याची महिन्याच्या पहिल्या बुधवारी चाचणी होते, हे मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं. तो वाजताच मी मुलीला घेऊन तळघरात बसले होते.

फुटबॉलच्या शनिवारी सगळं गाव लाल कपड्यांत. 1962पासून विद्यापीठाच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपत आली आहेत. आम्हाला ती परवडत नसत. खिडकी उघडी ठेवली की गर्जना ऐकू यायची, आणि तेवढ्यावरून मुलगी गुण मोजायची.

एप्रिलमध्ये एक जुनी गाडी घेतली. पहिल्याच रविवारी ओमाहाच्या हिंदू मंदिराकडे निघालो, 80 किलोमीटर. अ‍ॅशलंडची पाटी मागे पडली आणि थोड्या वेळात पूल आला. खाली प्लॅट होती, ऐसपैस पात्र, घोटाभर वाटावं इतकं उथळ पाणी, मधे वाळूची बेटं. मुलीनं काचेला नाक लावून विचारलं, ‘आपल्या नळातली नदी हीच का?’ पलीकडच्या तीरावर जागा मिळाल्यावर गाडी थांबवली आणि तिला पाण्यापर्यंत घेऊन गेलो.