एका क्रियापदाची दोन घरे

वैवाहिक जीवनावरील एक इंग्रजी लेख मराठीत आणताना माझ्या हातून विलक्षण चूक झाली. त्यात ‘क्लीव्ह’ हे क्रियापद होते. क्लीव्ह म्हणजे चिरणे, दुभंगणे, एवढेच मला ठाऊक. खाटकाच्या सुऱ्याला क्लीव्हर म्हणतात ते त्यावरूनच. मी बेधडक लिहिले, ‘विवाहानंतर पतीने पत्नीपासून विलग व्हावे.’ मुद्रिते वाचणारे सहकारी म्हणाले, “बाई, लेख विवाहाचा की घटस्फोटाचा?” म्हणून निभावले!

कोश उघडला तेव्हा उलगडा झाला. प्राचीन इंग्रजीत ‘क्लेओफान’ म्हणजे फाडणे आणि ‘क्लिफियान’ म्हणजे चिकटणे, अशी दोन निराळी क्रियापदे होती. उच्चार झिजत जाऊन ती एकरूप झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलात पुरुषाने पत्नीला जडून राहण्याविषयी जे क्रियापद योजिले आहे, ते ह्यांपैकी दुसरे. ओळखण्याची खूण बारीक आहे. चिकटण्याच्या अर्थी पुढे ‘टु’ किंवा ‘अन्टु’ येते. ‘क्लेफ्ट’, ‘क्लोव्हन’ ही रूपे मात्र चिरण्याचीच. ते इवलेसे ‘टु’ माझ्या नजरेतून निसटले होते.

इंग्रजीला हसावे, तर आपले ‘वाढणे’ आहेच. लेकरू वाढते, वेल वाढते. आणि बांगडी वाढली म्हणजे फुटली! तेथे दोन शब्द योगायोगाने एक झाले; येथे अशुभ बोलू नये म्हणून आपण एकाच शब्दावर दोन्ही ओझी घातली. हिंदीभाषी सहकाऱ्याने मला एकदा विचारले होते, “देवापुढे नारळ वाढवतात, तो किती मोठा करतात?”