निष्कर्षाखाली गाळलेली अट

सातारा-सांगलीच्या कॉलेजांत प्लांकचा स्थिरांक काढण्याचं प्रात्यक्षिक म्हणजे दिवा, रंगीत फिल्टर, फोटोसेल आणि मायक्रोअमीटर. जर्नलातला निष्कर्षही ठरलेला: इलेक्ट्रॉन सुटणार की नाही हे प्रकाशाचा रंग ठरवतो, झगझगाट नव्हे. आइन्स्टाइननी १९०५ साली दिलेलं हे स्पष्टीकरण खरंच आहे. पण शिकवताना आपण त्यातली अट गाळतो, असं माझं म्हणणं आहे. अट अशी, की इलेक्ट्रॉनला एका वेळी एकच फोटॉन भेटतो. दिव्याच्या उजेडात दुसरा येईपर्यंत पहिल्याने दिलेली उसळी विरून गेलेली असते, म्हणून ही अट डोळ्यांत भरत नाही.

लेसरचा आखूड स्पंद ती उघडी पाडतो. सोन्यातून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ८०० नॅनोमीटरच्या अवरक्त फोटॉनच्या पदरी असतात जेमतेम १.५५. आता १ मिलिज्यूल ऊर्जा घ्या. ती १ ग्रॅम हळद १० सेंटिमीटर उचलण्यापुरती. पण तीच ३० फेमटोसेकंदांत ओतली, तर त्या क्षणापुरती शक्ती ३३ गिगावॅट होते, म्हणजे कोयना प्रकल्पाच्या १,९६० मेगावॅटच्या जवळजवळ सतरापट. एवढ्या दाटीत चार फोटॉन मिळून एका इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलतात. याचा पुरावा आलेखात सापडतो: तीव्रता दुप्पट केली की इलेक्ट्रॉन सोळापट होतात.

कुणी म्हणेल, ही नुसती उष्णतेची करामत असेल. विटा-खानापूरच्या गलाई कारागिराची भट्टी १,०६४ अंशांवर सोनं वितळवते, तेव्हा अणू आणि इलेक्ट्रॉन बरोबरीने तापलेले असतात. इथे स्पंद संपतो तरी अणूंना पुरती झळ पोचलेली नसते. ती पोचायला स्पंदाहून कितीतरी लांब, पिकोसेकंदांचा वेळ लागतो. शिवाय नुसत्या तापण्यातून दोनाला सोळा असा नेटका हिशोब निघत नाही. तीव्रता फार वाढवली की हा हिशोबही ढळतो, हे मान्य. तिथे इलेक्ट्रॉनला धातूत रोखणारा अडसर प्रकाशाचं विद्युतक्षेत्रच वाकवतं. अशा प्रबळ क्षेत्राचं गणित भौतिकशास्त्रज्ञ केल्डिश यांनी १९६४ मध्ये मांडलं. म्हणजे प्रत्येक नियमाला आपापली हद्द आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: असे लेसर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असतात, आपल्याकडे कुठे? पण अट सांगायला लेसर लागत नाही. प्रात्यक्षिक आहे तेच राहू द्या. जर्नलातल्या निष्कर्षापुढे एवढंच लिहून घ्या: ‘फोटॉन एकेकटे येत असतील तर.’